नाणावट्याची नजर

बोरघाटाच्या पायथ्यापासून खाडीच्या दलदलीपर्यंत जो भाताच्या खाचरांचा आणि अलीकडे उंच इमारतींचा मुलूख पसरला आहे, त्यात पनवेल नेमके त्या जागी वसले, जिथे घाट उतरून आलेला बैलांचा तांडा आणि भरतीच्या पाण्याबरोबर आत शिरलेले गलबत यांची गाठ पडणे क्रमप्राप्त होते. १८३० साली सर जॉन माल्कम यांच्या अमदानीत बोरघाटाचा रस्ता गाड्यांच्या रहदारीस खुला झाला, आणि तेव्हापासून आगगाडी घाटाच्या पायथ्याशी पोचेपर्यंत मुंबईहून पुण्यास निघालेला मनुष्य होडीने पनवेलच्या बंदरात उतरून पुढची वाट खुष्कीने धरीत असे. येथील नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे याच भरभराटीच्या दिवसांतली. गाड्यांची चाके घडविणारे सुतार, भाताचे आडते, मिठाचे व्यापारी, होड्यांचे तांडेल, घाटावरचे गाडीवान अशा सर्वांची तेव्हा बंदरावर झुंबड असे, आणि या सर्वांच्या देवघेवीत ज्याच्यावाचून पान हलत नसे, तो मनुष्य मात्र प्रवाशांच्या वर्णनांत सहसा दृष्टीस पडत नाही. तो म्हणजे सराफ. जुन्या बोलीत नाणावटी, आणि सरकारी खजिन्यावर नेमलेला असला तर पोतदार.

कोणत्याही दुकानातला रुपया दुसऱ्या कोणत्याही दुकानात रुपयाच राहतो, या गोष्टीचे आज कोणाला नवल वाटत नाही. पण ही सोय जेमतेम दोनशे वर्षांची आहे. पेशवाईच्या अखेरीस महाराष्ट्रात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही, जरीपटका, हाली असे नाना जातींचे रुपये चालत, त्यांतील बहुतेकांवर दिल्लीच्या बादशहाचेच नाव असे, आणि प्रत्येकाचा कस निराळा, वजन निराळे, शिवाय नवा रुपया आणि हातोहात झिजलेला रुपया यांचा भावही निराळा. घाटावरचा व्यापारी अंकुशी रुपयांची थैली घेऊन पनवेलला उतरला, की मुंबईकडून कंपनीचा सुरती रुपया घेऊन आलेल्या दलालाशी त्याचा सौदा जमण्यापूर्वी दोघांच्या मध्ये नाणावट्याला बसावे लागे. तो एकेक रुपया बोटाच्या पेरावर तोलून, दगडावर वाजवून, कडेला छेद घेऊन पाही आणि बट्टा कापून उरलेली रक्कम मोजून देई. टांकसाळीही सर्वस्वी सरकारी नसत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ साली मुंबईच्या एशियाटिक सोसायटीपुढे मराठेशाहीतील चलन आणि टांकसाळी या विषयावर जो निबंध वाचला, त्यात पेशवे दफ्तरातले असे कित्येक परवाने नमूद आहेत. त्यांपैकी एक आमच्या शेजारचा, नागोठण्याच्या बाळाजी बापूजींना १७४४ च्या सुमारास रेवदंड्यास तांब्याचे पैसे पाडण्यासाठी मिळालेला; मुदत तीन वर्षांची आणि पैशाचे वजन दहा मासे. सरकारात ठरावाची रक्कम भरावी, वजन राखावे आणि नफा आपल्या पदरात घालावा, असा तो मामला होता. वजन राखले जाई की नाही, हे ठरविण्यास पुन्हा नाणावटीच हवा.

या बाबतीत रायगडावरची एक हकिकत सांगण्याजोगी आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन हा इंग्रजांचा वकील तहाची कलमे घेऊन गडावर आला, त्यांत इंग्रजांचे नाणे महाराजांच्या मुलखात चालावे असे एक कलम होते. त्यावर उत्तर मिळाले ते असे, की या कलमाची गरजच नाही. कोणतेही नाणे चालण्यास आमची मनाई नाही, आणि ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्तीही आम्ही तिच्यावर करणार नाही. तुमचे नाणे मोगलांच्या वा इतर राजांच्या नाण्याइतके कसाचे आणि वजनाचे असले, तर ते चालेल. ज्यांनी त्याच सुमारास एका अंगास ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्यास ‘छत्रपति’ ही अक्षरे उमटवून सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, त्यांच्याच दरबारातून हे उत्तर गेले, हे विशेष. छाप राजाची असली तरी पत धातूची, हे तत्त्व त्यात आले. आणि धातूची पत ओळखणारा डोळा हेच ज्या व्यवसायाचे मुद्दल, त्याला अशा राज्यात मरण नव्हते. त्याला मरण आणले ते १८३५ च्या कायद्याने. कंपनी सरकारने आपल्या सर्व इलाख्यांत १८० ग्रेन वजनाचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदीचा एकच रुपया ठरवून टाकला. मुंबईच्या किल्ल्यात १८२९ पर्यंत उभ्या राहिलेल्या नव्या टांकसाळीतली वाफेची यंत्रे असा रुपया हुबेहूब एकसारखा पाडू लागली. आणि बट्ट्याच्या धंद्याला उतरती कळा लागली. नाणावटी हळूहळू दागिन्यांकडे आणि सावकारीकडे वळला. पोतदार, पारखी, सराफ ही आडनावे तेवढी मागे राहिली.

हा व्यवसाय किती जुना असावा याचा विचार करू लागले म्हणजे पेशवाई अगदी कालपरवाची वाटू लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टांकसाळीवर लक्षणाध्यक्ष आणि चलनाची परीक्षा करण्यास रूपदर्शक असे दोन स्वतंत्र अधिकारी सांगितले आहेत, आणि परीक्षेबद्दल शेकडा एक अष्टमांश आकार घ्यावा असा दरही लावून दिला आहे. म्हणजे बट्ट्याचे कोष्टक तेव्हाही तयार होते. त्याहून मौजेची गोष्ट विनयपिटकातील महावग्गात आहे. राजगृहातील उपाली नावाच्या मुलाचे आईबाप आपल्यामागे पोराने सुखाने पोट कसे भरावे या विवंचनेत असतात. लेखन शिकवावे तर त्याची बोटे दुखतील, गणित शिकवावे तर छाती दुखेल, आणि ‘रूप’ शिकवावे तर डोळे दुखतील, असे म्हणून ते शेवटी त्याला भिक्षू करावयाचे ठरवितात. बुद्धघोषाने यावर टीका करताना म्हटले आहे की रूपाची विद्या शिकणाऱ्याला पुष्कळ कार्षापण उलटेपालटे करून निरखावे लागतात. व्यवसायजन्य दृष्टिदोषाचा इतका जुना आणि इतका प्रेमळ उल्लेख दुसरीकडे असला तर तो आमच्या वाचनात नाही. या निरखण्याच्या खुणाही शिल्लक आहेत. चांदीच्या त्या आहत कार्षापणांच्या एका अंगावर सूर्य, षडर, हत्ती, वृक्ष असे राज्याचे ठसे असतात, आणि दुसऱ्या अंगावर पुष्कळदा इवल्या इवल्या ठशांची दाटी असते. हे नाणे आमच्या हातून गेले आणि ते खरे ठरले, अशी कोणा सराफाची किंवा श्रेणीची ही ग्वाही असावी, असे अनेक अभ्यासक मानतात.

आज ही नजर जर कोठे कामास लागताना पाहावयाची असेल, तर ती जुन्या नाण्यांच्या प्रदर्शनात. पनवेलच्या संग्राहकाला मुंबईची गाडी धरावी की पुण्याची, एवढाच प्रश्न. मुंबईस कफ परेडच्या जागतिक व्यापार केंद्रात मुंबई कॉइन सोसायटीचा मेळा भरतो, पुण्यात ‘कॉइनेक्स’ या नावाने प्रदर्शन भरते, आणि दोन्हीकडे देशभरचे विक्रेते आपापली टेबले मांडून बसतात. गर्दी बहुतेक निराळ्याच कारणाने लोटलेली असते. ७८६ आकड्याच्या नोटा, व्हिक्टोरिया राणीचे रुपये, स्मारक नाणी यांवर लोकांची उडी पडते. कोणी आजीच्या ट्रंकेतली पितळी डबी घेऊन येतो, कोणी वैष्णोदेवीच्या छापाचे पाच रुपयांचे नाणे लाखाला जाते असे कोठेतरी ऐकून आलेला असतो आणि हिरमुसला होऊन परततो. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क उकळणाऱ्या ठकांपासून सावध राहावे, असे त्या बँकेला २०२१ साली जाहीर करावे लागले, ते अशाच भाबड्या आशेपायी. असो. या सर्व गलबल्यात कोपऱ्याकडच्या दोन-चार टेबलांवर प्राचीन नाणी असतात, तिथे आवाज कमी आणि भिंगे जास्त. एखादा वयस्क गृहस्थ पंधरा-पंधरा मिनिटे एकाच पाकिटावर डोळा लावून बसतो आणि विक्रेताही त्याला उठवीत नाही. हा ग्राहक आज घेणार नाही, पण पुढच्या वर्षी नक्की येणार, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

तिथे क्षत्रप राजा नहपान याची द्रम्म, म्हणजे चांदीचे छोटे नाणे, बहुधा असतेच, आणि इतर सर्व सोडून तीच हातात घ्यावी अशी आमची नवख्यांना शिफारस आहे. नाणे दोन ग्रॅमांच्या आगेमागे, अंगठ्याच्या नखाएवढे. एका अंगास उजवीकडे तोंड केलेला राजाचा मुखवटा, केस मानेपर्यंत आलेले, भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या अंगास बाण आणि वज्र, आणि कडेने ब्राह्मी व खरोष्ठी अशा दोन लिप्यांत एकच मजकूर: ‘राञो छहरातस नहपानस’, म्हणजे क्षहरात कुळातील नहपान राजाचे. तीन लिप्या एवढ्याशा चकतीवर बसवायच्या म्हणजे ठसा कोरणाऱ्याची कसोटीच होती. त्यांतील ग्रीक त्याला वाचता येत नसावे असे मानण्यास पुष्कळ जागा आहे, कारण ठशागणिक ती अक्षरे अधिकाधिक बिघडत जातात. पण विक्रेता जर जाणता असला, तर तो याच नाण्याचा दुसरा प्रकार पुढे सरकवील, आणि पाहणाऱ्याची कसोटी तिथे लागते. या दुसऱ्या नाण्यात राजाच्या गालावर तीन कमानींचा डोंगर चढलेला असतो, त्याभोवती सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव, आणि मागील अंगास बाणावर व वज्रावर चार वर्तुळांचे उज्जयिनी-चिन्ह ठोकलेले. नव्या ठशाखालून जुन्या राजाचे नाक आणि अर्धा ओठ डोकावत राहतात, ‘नहपानस’ यातले एखादे अक्षर कडेला तग धरून असते. जिंकलेल्याने हरलेल्याचे नाणे आटविण्याच्या भानगडीत न पडता त्याच्या तोंडावरच आपली मुद्रा उठविली, आणि व्यवहार दुसऱ्या दिवशी पूर्ववत चालू केला.

हे सर्व आपणास इतक्या निश्चयाने सांगता येते, ते १९०६ साली नाशिक जिल्ह्यात गोदावरीकाठच्या जोगलटेंभीस सापडलेल्या एका साठ्यामुळे. त्यात नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी निघाली आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीचा ठसा होता. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासून जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात त्यांना एका गोष्टीचे मोठे कोडे पडलेले दिसते: नाव सर्वत्र नहपानाचेच, पण चेहरे मात्र तरुण, म्हातारे, सरळ नाकाचे, बाकदार नाकाचे असे नाना तऱ्हेचे, तेव्हा हे एकाच राजाचे नसून त्याच्या कुळातील निरनिराळ्या पुरुषांचे असावेत, असा तर्क त्यांनी केला. तर्क सर्वांना पटला असे नाही. परंतु तो करता आला, कारण हजारो चेहरे एकाच वेळी, एकाच ठिकाणी त्यांच्यासमोर होते. तेच नाणे एकेकटे, पाकिटात घातलेले, प्रदर्शनाच्या टेबलावर आले असते, तर त्या नाकांविषयी कोणाच्या मनात प्रश्नही उभा राहिला नसता.

आणि हा इतिहास आमच्या पनवेलहून फार दूरचा नाही. बोरघाट चढून वर गेले की कार्ले लागते. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर नहपानाचा जावई उषवदात याने वलूरक, म्हणजे कार्ले, येथील भिक्षूंना करजिक नावाचे गाव दिल्याचा लेख आहे. आणि तेथेच दुसरा एक लेख आहे, ज्यात मामालच्या, म्हणजे आपल्या मावळच्या, अमात्यास राजाज्ञा झाली आहे की तेच गाव त्याच भिक्षूंना द्यावे. राज्य सातवाहनांकडे आले होते. दान तेच, घेणारे तेच, पण देणाऱ्याचे नाव बदलणे आवश्यक होते. नाशिकच्या लेण्यातही गौतमीपुत्राने अठराव्या राज्यवर्षी, पूर्वी उषवदाताच्या वहिवाटीत असलेले शेत भिक्षूंच्या नावे करून दिल्याचे नोंदले आहे. नाण्यावर जे झाले तेच जमिनीच्या दफ्तरात झाले, आणि एकाचा अर्थ दुसऱ्यावाचून नीटसा लागत नाही. त्याच नाशिकच्या लेण्यांत उषवदाताने गोवर्धनाच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे अनुक्रमे दोन हजार आणि एक हजार कार्षापण दरमहा शेकडा एक व शेकडा पाऊण या व्याजाने कायमचे ठेवल्याचा मजकूर आहे, आणि सत्तर हजार कार्षापणांचे पस्तिसास एक या भावाने दोन हजार सुवर्ण होतात असा हिशेबही स्पष्ट मांडला आहे. पनवेलच्या बंदरातला नाणावटी हा लेख वाचता, तर दगडावर कोरलेला हा चांदी-सोन्याचा भाव पाहून त्याला परके असे काही वाटले नसते.

समुद्राच्या बाजूनेही साक्ष आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रंथाचा ग्रीक कर्ता सांगतो की कल्याण पूर्वी राजमान्य व्यापारपेठ होती, पण आता तिथे शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात. आणि भडोचला रोमची सोन्याचांदीची नाणी स्थानिक नाण्यांच्या बदल्यात नफ्याने खपतात, शिवाय अपोलोडोटस व मिनांडर यांची जुनी द्रम्मही अजून चालतात. हे दोन्ही राजे तेव्हा मरून दोनशे वर्षांच्या घरात काळ लोटला होता! राजा गेला म्हणून त्याचे चांगले नाणे कोणी टाकीत नाही, हे कोकणाने पुढेही दाखविले. कलचुरी कृष्णराजाचा रूपक सहाव्या शतकातला. पुढे राजाचे मस्तक, मागे बसलेला नंदी, आणि भोवती आपण परममाहेश्वर व मातापितरांच्या चरणी लीन असल्याचे सांगणारी ब्राह्मी अक्षरे. मुंबई, साष्टीपासून नाशिकपर्यंत ही नाणी मिळाली आहेत. घारापुरीस त्याची हलक्या किमतीची नाणी सापडल्यामुळे तेथील महेशमूर्तीचे लेणे त्याच्याच काळात खोदले जात असावे, या मताला बळ मिळाले, कारण पाथरवटांच्या रोजच्या खर्चाला लागणारी मोड अशीच असणार. आणि दीडशे वर्षांनी, इसवी सन ७१० च्या सुमारास, भोगशक्ती नावाच्या राजाने नाशिकजवळच्या अंजनेरीच्या ताम्रपटात करांची व दंडांची आकारणी केली, तीही कृष्णराज-रूपकांतच.

पुढच्या शतकांवरून आम्ही भरभर जातो. शिलाहारांचे गधैया, यादवांचे कमळाच्या छापाचे पद्मटंक यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मात्र कोकणच्या एका विचित्र नाण्याकडे डोळेझाक करणे बरे नव्हे. ते म्हणजे लारी. इराणातल्या लार या शहरावरून हे नाव पडले. नाणे म्हणजे चांदीची तार मध्ये दुमडून दोन पाय केलेली आणि पायांवर ठसा उठविलेली. आदिलशाहीने कोकणपट्टीच्या व्यापारासाठी अशा लाऱ्या पाडल्या, आणि संगमेश्वराकडे त्यांचा मोठा साठा सापडला. ठसा तारेहून रुंद असल्यामुळे अक्षरे कधीच पुरी उमटत नाहीत. प्रदर्शनात लारी पाहून लहान मुले विचारतात की ही केसातली पीन आहे का, आणि त्यांचे काही चुकत नाही.

या सर्व वस्तूंच्या किमती नाण्याच्या दुर्मिळतेवर, ठशाच्या स्वच्छतेवर आणि धातूवर ठरतात, हे न्याय्यच आहे. नकली मालाची भीतीही खरी आहे, आणि तिच्यावरचे उपाय पनवेलच्या जुन्या पेढीवरचेच आहेत: ओतीव नाण्याच्या कडेला साच्याच्या जोडाची रेघ राहते, पृष्ठावर बुडबुड्यांची बारीक भोके दिसतात, वजन एकतर हलके भरते किंवा संशय यावा इतके नेमके, आणि वाजविले तर नाद बद्द. फरक एवढाच की आता कडेला छेद घेता येत नाही. जुन्या सराफाचा छेद म्हणजे हमी होती, आजच्या संग्राहकाला तोच छेद दोष वाटतो आणि त्यापायी तो किंमत पाडून मागतो.

परंतु नजर तीच असूनही तिच्यात एक उणीव राहून गेली आहे, आणि ती नाणावट्याच्या व्यवसायातूनच आलेली आहे, असे आमचे मत आहे. नाणावट्याला नाणे कोठून आले याच्याशी कर्तव्य नव्हते. कस आणि वजन पुरे होते, आणि थैलीतले नाणे मागच्या धन्याचे नाव विसरलेले असणे हाच तर त्याचा गुण. संग्राहकाने ही बेफिकिरी वारशात घेतली. “काका, हा कृष्णराज बघा, नंदी किती स्वच्छ आहे,” असे म्हणून विक्रेता पाकीट पुढे करतो, तेव्हा “कुठला?” असे विचारले तर उत्तर येते, “घाटावरून आलाय.” घाट म्हणजे नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत सगळाच! विक्रेत्याने ते आणखी कोणाकडून घेतलेले असते, त्याने एखाद्या सराफाकडून, सराफाने नांगराच्या फाळाला मडके लागलेल्या कोणा शेतकऱ्याकडून. आणि या साखळीत प्रत्येकाला गप्प राहण्यास कारण असते. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरील किमतीचे गाडलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. आज दहा रुपयांत चहाचा अर्धा कप येतो. म्हणजे कायद्याच्या कक्षेबाहेर जवळजवळ काहीच उरत नाही, आणि शेतकऱ्याच्या मनात सरकारी चौकशीचे जे भय बसलेले आहे ते मडके फोडून नाणी पाच ठिकाणी विकण्यास त्याला पुरेसे होते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने परदेशी निर्यातीस आळा घातला, ते योग्यच झाले. पण तालुक्याच्या गावी आटणीच्या मुशीत जे गेले, त्याचा हिशेब कोणत्याही कायद्याने लागणार नाही.

ठिकाण कळले म्हणजे एकटे नाणेदेखील किती बोलते, याचा दाखला आमच्याच किनाऱ्यावर आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा टेकाडवजा स्तूप उघडला. आत दगडी करंडक, त्यात ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती, मध्ये तांब्याची पेटी, तिच्यात चांदीची, मग दगडाची, स्फटिकाची, आणि शेवटी सोन्याची इवलीशी डबी निघाली. या सर्वांच्या बरोबर यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे एक नाणे होते, न झिजलेले, जणू टांकसाळीतून सरळ तेथेच आणून ठेवलेले. ते न झिजलेले असणे आणि ते त्या करंडकात असणे, या दोन गोष्टी मिळून स्तूपाच्या काळाविषयी जो पुरावा उभा राहतो, तो त्याच राजाच्या बाजारातल्या शंभर नाण्यांनी राहिला नसता. भगवानलाल हे भाऊ दाजींच्या हाताखाली तयार झालेले, इंग्रजीवर फारशी हुकमत नसलेले पंडित. पण आपल्या संग्रहातील क्षत्रप नाण्यांवर राजाच्या मस्तकामागे कोरलेले शकवर्ष आणि मागील अंगावरची बापलेकांची नावे ताडून त्यांनी त्या घराण्याची वंशावळ लावली, आणि १८८८ साली ते वारल्यावर तो अपुरा निबंध रॅप्सन यांनी लंडनला संपादित करून छापला. नाणी त्यांनी मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिली. ती येथेच राहिली असती तर आम्हास अधिक आनंद झाला असता, हे लपविण्यात अर्थ नाही. मात्र ती एकत्र राहिली आणि त्यांची नोंद झाली, हेही खरे.

अलीकडे प्रदर्शनांतून एक निराळा तरुण वर्ग दिसू लागला आहे. तो खरेदी थोडी करतो, परंतु दोन्ही अंगांचे छायाचित्र, वजन, व्यास, विक्रेत्याने सांगितलेले तालुक्याचे नाव, अगदी ‘घाटावरून’ एवढेच सांगितले असले तरी तेसुद्धा, वहीत उतरवून घेतो. एकाच ठशाची दोन नाणी दोन शहरांतल्या दोन टेबलांवर त्याला ओळखू येतात, आणि मग तो दोन्ही विक्रेत्यांना माल कोणत्या महिन्यात आला हे विचारून बघतो. कधी कधी एखाद्या फुटलेल्या मडक्याचे दोन तुकडे असे कागदावर जुळतातही. यांतले काही पुढे नाशिकला भारतीय मुद्राशास्त्र संशोधन संस्थेत जातात. परमेश्वरीलाल गुप्त यांच्या पुढाकाराने १९८० साली निघालेली ही संस्था त्र्यंबकेश्वराच्या रस्त्यावर अंजनेरीस आहे, जिथे भोगशक्तीने कृष्णराज-रूपकांत दंड ठरविल्याचा तो ताम्रपट मिळाला. तेथे नाणी विकत मिळत नाहीत, पण साठ्यांच्या नोंदी, छायाचित्रे आणि ग्रंथ पाहावयास मिळतात, आणि पनवेलहून पहाटे निघालेला संग्राहक कसारा घाट चढून दुपारच्या जेवणापूर्वी तिथे पोचू शकतो.